येवला दोन तासांवर असताना पैठणी ऑनलाइन मागवली

नाशिकहून येवला जेमतेम दोन तासांवर आहे, आणि तरीही भाचीच्या लग्नासाठी पैठणी मी मोबाइलवरून मागवली, हे लिहिताना आजही मान खाली जाते. वर्णनात ‘शुद्ध रेशमी, हातमागावर विणलेली येवला पैठणी’ असे स्वच्छ लिहिले होते. किंमत 13,999 रुपये होती आणि आगाऊ पैसे भरल्यास 500 रुपयांची सूट होती, म्हणून मी यूपीआयने 13,499 रुपये भरून मोकळी झाले. साडी दोन हजारांत मिळत असती तर मलाही शंका आली असती. पण साध्या नक्षीच्या खऱ्या पैठणीलाही एवढे पैसे पडतात, तेव्हा कोणी मला स्वस्ताच्या मोहात पडलेली म्हणू नये.

खरे तर छायाचित्रे पाहतानाच सावध व्हायला हवे होते. सात छायाचित्रे होती आणि सातही सुलट बाजूची. पैठणी घेताना आधी पदर उलटा करून पाहावा, हे आईने मला परकरात असल्यापासून शिकवले आहे. पार्सल आले तेव्हा घरात पाहुणे होते, पारदर्शक पिशवीतून पदरावरचा मोर दिसत होता. मी पिशवीवरूनच हात फिरवला आणि साडी कपाटात ठेवून दिली. तो एक क्षण मला अजून झोपू देत नाही.

नवव्या दिवशी साडी फॉल-पिकोसाठी दिली. त्या बाईंनी पदर उलटा केला आणि काही न बोलता माझ्यापुढे धरला. हातमागाच्या पैठणीत मोर दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो. इथे मोरामागे कातरलेल्या धाग्यांचे जंजाळ होते. त्यांनी पदराच्या दशीतला एक धागा ओढून काडी लावली. रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांत चुरडते. हा धागा वितळून त्याची काळी, टणक गोळी झाली. “ताई, मशीनची आहे, आणि रेशीमही नाही,” असे म्हणून त्यांनी फॉलचे 120 रुपये परत केले. या सगळ्या प्रकरणात मला परत मिळालेले पैसे तेवढेच.

परतीची मुदत सात दिवसांची होती. ‘आम्ही केवळ मंच आहोत, विक्रेत्याशी बोला’ हे वाक्य मी ज्या ॲपवरून साडी घेतली त्या कंपनीच्या ग्राहक सेवेकडून अकरा वेळा ऐकले. विक्रेत्याने पाच तारे दिल्यास 1,500 रुपये परत करण्याची तयारी दाखवली आणि त्याच रात्री वर्णनातले ‘शुद्ध रेशमी’ बदलून ‘सिल्क फिनिश’ केले. वर्णनाचा स्क्रीनशॉट खरेदीच्या दिवशीच घ्या. मी घेतला होता, तो नशिबाने.

2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार वस्तू जाहिरातीप्रमाणे नसेल तर विक्रेत्याला ती परत घेण्यास नकार देता येत नाही, आणि तक्रार अधिकाऱ्याने 48 तासांत पोच देऊन महिन्याभरात निवारण करायचे असते. मला पोच मिळाली, निवारण नाही. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, तर ‘मुदत संपली आहे’ हे कंपनीचेच उत्तर चिकटवून ती बंद करण्यात आली. पोलीस ठाण्यात हवालदारांनी साडी हातातही न घेता हा दिवाणी मामला असल्याचे सांगितले आणि वर “बाई, येवल्यालाच जायचे ना!” हेही ऐकवले. ते मलाही कळते, साहेब. पण म्हणून फसवणाऱ्याला मोकळे सोडायचे का?

बिलावरच्या परराज्यातल्या पत्त्यावर पाठवलेली नोटीस ‘पत्ता अपूर्ण’ शेऱ्यानिशी परत आली. तेव्हा जिल्हा ग्राहक आयोगात दावा लावताना विक्रेत्याबरोबर कंपनीलाही प्रतिवादी करा. दावा आपण राहतो त्या जिल्ह्यात लावता येतो, 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. परतीचे सात दिवस संपले म्हणजे हक्क संपला, हे कोणाचेही ऐकू नका. पार्सल फोडताना लेबलापासून उलट्या पदरापर्यंत सलग चित्रीकरण करा, मग घरात पाहुणे असोत की वऱ्हाड. सवलतीच्या लोभाने आगाऊ पैसे तर मुळीच भरू नका.

माझ्या दाव्याला दोन तारखा पडल्या आहेत. भाचीने लग्नात माझ्या आईची जुनी पैठणी नेसली. ही मात्र पुरावा म्हणून कपाटात पडून आहे, जळक्या धाग्याची गोळी कागदाच्या पुडीत घालून तिच्याच पिशवीला टाचलेली.