अल्पदृष्टी, भिंग आणि दिव्यांग प्रमाणपत्र: एका सरकारी सेवेचा आढावा

दिव्यांग प्रमाणपत्र आणि त्याच्याशी जोडलेले यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे ओळखपत्र, देणारी सरकारी सेवा कशी चालते, याचा हा आढावा मुख्यतः अल्पदृष्टी असलेल्या आणि भिंग, दुर्बीण अशा साधनांच्या आधारे रोजचे कामकाज करणाऱ्यांसाठी लिहीत आहे. पूर्ण अंधत्व असलेल्या अर्जदाराच्या अडचणी वेगळ्या आणि आपल्या वेगळ्या. आपल्याला थोडे दिसते, आणि त्यातले स्वतःच्या डोळ्यांनी किती आणि साधनामुळे किती, हे प्रत्येक टेबलावर नव्याने समजावून सांगावे लागते. मला स्टारगार्ट हा आनुवंशिक विकार आहे. त्यात डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग निकामी होतो आणि चष्म्याचा नंबर कितीही बदलला तरी फरक पडत नाही. वाचनासाठी मी दिवा बसवलेले, कागदावर टेकवून सरकवायचे भिंग वापरतो आणि फलाटावरचे फलक किंवा बसची पाटी पाहण्यासाठी चारपट मोठे दाखवणारी एका डोळ्याची छोटी दुर्बीण खिशात ठेवतो.

एकूण मत आधीच सांगतो. अर्ज करणे आणि कार्ड हाती येणे, ही दोन्ही टोके पूर्वीपेक्षा पुष्कळ सुधारली आहेत. मधला टप्पा, म्हणजे रुग्णालयातली नेत्रतपासणी, मात्र अजून तपासणाऱ्या व्यक्तीच्या समजुतीवर अवलंबून आहे, आणि पुढचे सगळे लाभ त्याच टप्प्यावर ठरतात.

अर्ज स्वावलंबन संकेतस्थळावरून ऑनलाइन करायचा असतो. जून २०२१ पासून प्रमाणपत्रे याच मार्गाने देणे बंधनकारक झाले आहे. फोनवर अक्षरे मोठी करून अर्ज भरता येतो, अर्ज कुठवर आला ते घरबसल्या कळते आणि मंजुरीनंतर प्रमाणपत्र स्वतः उतरवून घेता येते. कागदांच्या झेरॉक्स घेऊन खिडकीखिडकीवर उभे राहण्याच्या काळाशी तुलना केली, तर ही सोय फार मोठी आहे. शिवाय हे प्रमाणपत्र देशभर ग्राह्य असते, त्यामुळे नोकरीनिमित्त राज्य बदलणाऱ्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. २०२४ च्या सुधारित नियमांनी प्रमाणपत्र देण्याची मुदत एक महिन्यावरून तीन महिन्यांवर नेली, हे मात्र मला पटलेले नाही. महाविद्यालयातला प्रवेश किंवा भरतीची अंतिम तारीख समोर असलेल्या विद्यार्थ्याला तीन महिने परवडत नाहीत.

आता तपासणी. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ नुसार, शक्य ती सर्व दुरुस्ती करूनही चांगल्या डोळ्याची दृष्टी ६/१८ (निरोगी डोळ्याला १८ मीटरवरून दिसते ते ६ मीटरवरून दिसणे) च्या खाली आणि ३/६० पर्यंत असेल, किंवा दृष्टिक्षेत्र, म्हणजे नजर न हलवता दिसणारा भाग, ४० अंशांपेक्षा कमी आणि १० अंशांपर्यंत असेल, तर ती अल्पदृष्टी. त्याखाली अंधत्व. येथे दुरुस्ती म्हणजे चष्मा किंवा कॉन्टॅक्ट लेन्स. भिंग आणि दुर्बीण डोळ्याचा दोष दुरुस्त करत नाहीत; उरलेल्या दृष्टीला पुरेल इतकी प्रतिमा मोठी करून देतात. यापूर्वीच्या १९९५ च्या कायद्याने तर अल्पदृष्टीच्या व्याख्येतच साधनाचा उल्लेख केला होता: उपचार किंवा नेहमीची दुरुस्ती करूनही दृष्टी अधू राहिलेली, परंतु योग्य साधनाच्या मदतीने ती दृष्टी कामाला लावू शकणारी व्यक्ती. म्हणजे साधन वापरता येणे ही त्या कायद्याच्या दृष्टीने अल्पदृष्टीची खूणच होती. नव्या कायद्यात आकडे आले, ते मोजमापाला सोयीचे आहेत, पण साधनाचा उल्लेख गेल्यामुळे तपासणीच्या खोलीत घोळ व्हायला जागा राहिली.

तो घोळ साध्या हिशेबाने दाखवता येतो. दोन्ही डोळ्यांची दृष्टी ६/६० असेल, तर टक्केवारी ठरवण्याच्या सरकारी कोष्टकानुसार ४० टक्के दिव्यांगत्व येते, आणि बहुतेक लाभांचा उंबरठा नेमका ४० टक्के आहे. त्याच व्यक्तीने चारपट मोठे दाखवणारी दुर्बीण डोळ्याला लावून भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचला, तर तिला साधारण ६/१५ ची ओळ वाचता येते. ६/१५ ही दृष्टी ६/१८ पेक्षा चांगली, म्हणून कोष्टकात तिचे दिव्यांगत्व शून्य टक्के. दुर्बिणीतून दिसणारा भाग मात्र इतका अरुंद असतो की ती लावून चार पावले चालणेही धोक्याचे.

माझ्या बाबतीत एका रुग्णालयात हेच घडले. मी खिशातून दुर्बीण काढलेली पाहून तंत्रज्ञाने ती लावूनच तक्ता वाचायला सांगितला आणि तोच आकडा कागदावर उतरवला. दुर्बीण न लावता वाचताना मी डोळे किंचित वर आणि बाजूला वळवत होतो, कारण माझ्या पडद्याचा मधला भाग काम करत नाही आणि कडेचा भाग करतो. त्यावर “मान सरळ, समोर बघा” अशी सूचना वारंवार मिळाली. सरळ पाहिले की अक्षर नाहीसे होते, आणि बाजूने पाहिले की समोरच्याला नाटक वाटते. बनावट प्रमाणपत्रांची प्रकरणे गाजल्यापासून हा संशय वाढला आहे. पडताळणी व्हायलाच हवी, परंतु कडेने पाहणे हे अशा विकारांचे ठरलेले लक्षण आहे, एवढी माहिती तपासणाऱ्याला असायलाच हवी. सुदैवाने नंतर आलेल्या नेत्रशल्यचिकित्सकांनी दुर्बीण बाजूला ठेवायला लावून तपासणी पुन्हा केली आणि दोन्ही डोळ्यांपुढे ६/६० लिहिले.

दृष्टिक्षेत्राची गोष्ट याहून गंभीर आहे. रेटिनायटिस पिगमेंटोसा (पडदा कडेकडून निकामी होत जाणारा विकार) किंवा वाढलेला काचबिंदू असलेल्या काहींना तक्त्यावर ६/९ ची ओळही वाचता येते, पण दिसते ते नळीतून पाहिल्यासारखे, मधले तेवढेच. ज्याचे दृष्टिक्षेत्र १० अंशांपेक्षा कमी आहे, तो कायद्याने अंध ठरतो, मग तक्त्यावर तो काहीही वाचो. पण हे फक्त पेरिमेट्रीच्या, म्हणजे दृष्टिक्षेत्र मोजण्याच्या, तपासणीत कळते. भिंतीवरचा तक्ता वाचून घेऊन अशा माणसाला परत पाठवणे हा उघड अन्याय आहे. असा विकार असेल, तर पेरिमेट्रीचा अहवाल बरोबर न्या आणि ती तपासणी करावी असा आग्रह धरा.

टक्केवारीच्या कोष्टकाबद्दलही एक तक्रार आहे. दोन्ही डोळ्यांनी ६/२४ पाहणारा आणि ६/६० पाहणारा, दोघांनाही ते ४० टक्केच देते. पहिल्याला साध्या भिंगाने वर्तमानपत्र वाचता येईल. दुसऱ्याला मोठ्या ताकदीचे भिंग लागते, ज्यात एका वेळी तीन-चार अक्षरे दिसतात आणि ओळ संपवून भिंग पुन्हा डावीकडे आणताना खालची ओळ हरवते. रोजच्या कष्टातला हा फरक कोणत्याच टक्केवारीत उतरत नाही.

म्हणून तपासणीला जाताना साधने घरी ठेवू नका, पण ती वापरूनही तपासणी होऊ देऊ नका. ज्या लो व्हिजन क्लिनिकमधून साधन घेतले, तेथून चष्म्यासह दृष्टी किती, साधनासह किती आणि निदान काय, हे तीन स्वतंत्र ओळींत लिहून घ्या. असा कागद समोर असला की आकड्यांची सरमिसळ होण्याची शक्यता बरीच कमी होते. विकार बरा होणारा नसेल, तर कायमस्वरूपी प्रमाणपत्र मागा, कारण मुदतीचे मिळाले तर ठरावीक काळाने हे सगळे पुन्हा करावे लागते. अर्ज नाकारला गेला, तर कारण लेखी मागा. निर्णयाविरुद्ध अपील करण्याची तरतूद त्याच कायद्याच्या कलम ५९ मध्ये आहे.

प्रमाणपत्रानंतरचे लाभ थोडक्यात. ४० टक्क्यांखाली पांढरे, ४० ते ७९ टक्क्यांना पिवळे आणि ८० व त्यापुढे निळे कार्ड मिळते. सरकारी नोकऱ्यांतील ४ टक्के आरक्षणापैकी १ टक्का अंध आणि अल्पदृष्टी असलेल्यांसाठी आहे, सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत ५ टक्के जागा आहेत आणि एसटीच्या भाड्यात ७५ टक्के सवलत मिळते. जुनी करपद्धती निवडणाऱ्याला ४० टक्क्यांपासून ७५,००० रुपयांची आणि ८० टक्क्यांपासून १,२५,००० रुपयांची वजावट मिळते. नव्या करपद्धतीत ती नाही. कमी उत्पन्न असलेल्या दिव्यांगांना संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून मिळणारी दरमहा १,५०० रुपयांची रक्कम ऑक्टोबर २०२५ पासून २,५०० रुपये झाली. साधने घेण्यासाठी केंद्राची एडिप योजना आहे, आणि ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत सर्व स्थानिक संस्थांनी ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. याची चौकशी फार थोडे लोक करतात. ती अवश्य करावी.

लाभाच्या टेबलावरही भिंगाचा प्रश्न पाठ सोडत नाही. एका कार्यालयात मी अर्जावर भिंग सरकवत रकाने भरत असताना समोरचे गृहस्थ म्हणाले, “अहो, तुम्हाला तर वाचता येतंय.” मी कार्ड पुढे केले आणि टक्केवारी वैद्यकीय मंडळाने ठरवली आहे, ती पुन्हा ठरवण्याचा अधिकार या टेबलाला नाही, असे शांतपणे सांगितले. त्यांनी वरिष्ठांना विचारून अर्ज घेतला आणि पोचही दिली. पोच घेतल्याशिवाय कोणत्याही टेबलावरून उठू नका, आणि त्यावरची तारीख व शिक्का तिथेच भिंग लावून तपासून घ्या.