गोदावरीच्या मुखापर्यंत बाईक टूर, आणि डिपॉझिट बुडालं

आम्ही नाशिकचे नऊ जण, गोदाकाठीच वाढलेलो, त्र्यंबकला उगम शंभरदा बघितलाय, मग नदी समुद्राला मिळते तिथपर्यंत एकदा जायचंच असं कधीपासून चाललं होतं. मे महिन्यात एका टूरवाल्याची जाहिरात दिसली, आंध्रातल्या राजमहेंद्रीपासून नदी समुद्राला मिळते त्या अंतर्वेदीपर्यंत चार दिवस, बाईक तिथेच मिळणार, मागे मेकॅनिकसकट बॅकअप गाडी, एक रात्र दिंडी गावात हाउसबोटवर. माणशी १८,५००, त्यातले ५,००० डिपॉझिट, शेवटी परत. पैसे गेले एका माणसाच्या खाजगी नंबरवर, बिल मागितलं तर म्हणे तिकडे आल्यावर देतो दादा.

राजमहेंद्रीला स्टेशनबाहेर बाईक उभ्या, सगळ्यांच्या नंबरप्लेट पांढऱ्या. गोव्यात गाडी घेतलेल्यांना माहितीये, भाड्याच्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतात. पांढरी पाटी म्हणजे कुणाची तरी घरची गाडी, ती भाड्याने देणं बेकायदेशीर आणि काही झालं तर इन्शुरन्सवाले हात वर करू शकतात. हे मला कळत होतं, पण रात्रभरचा प्रवास, सकाळी आठलाच घामाने शर्ट अंगाला चिकटलेला, सगळ्यांना निघायची घाई, आणि मी बोललो नाही. त्याचं अजून वाईट वाटतं.

कोनसीमा, म्हणजे गोदावरीच्या मुखाजवळचा हा प्रदेश, मात्र खरंच सुंदर आहे. धवळेश्वरमला आर्थर कॉटनने १८५२ मध्ये पहिला बंधारा पुरा केला, आता तिथे नवा बॅरेज आहे, त्याच्या खाली आपली गोदामाय फुटत जाते, गौतमी, वसिष्ठा, आणि मग कालवे, नारळ, भातशेती संपतच नाही. आत्रेयपुरमला पूतरेकुलु खाल्लं, तांदळाचे कागदासारखे पापुद्रे, आत तूप-गूळ.

बॅकअप गाडी पहिल्या दिवशी दिसली, दुसऱ्या दिवसापासून फोन बंद. सखिनेटिपल्लेच्या फेरीबोटीवर चढवताना एकाची चेन तुटली, भर उन्हात तिघांनी गाडी ढकलून वर घेतली, पलीकडे नरसापूरला गॅरेज शोधलं, पैसे आमचेच. दिंडीला बोटवाल्याकडे आमच्या नावाचं बुकिंगच नव्हतं.

राजमहेंद्रीला परत आलो तर टूरवाल्याचा पोरगा सरळ गाड्यांशी उकिडवा बसून फोटो काढायला लागला. माझ्या क्रॅशगार्डवर ओरखडा दाखवला, मी बोट फिरवलं तर आत तांबूस गंज आणि त्यावर वाळलेला जुना चिखल, चार दिवसांत एवढा गंज चढतो का? तर म्हणे समुद्राची हवा आहे. नऊच्या नऊ गाड्यांना काही ना काही निघालं, ४५,००० गेले, आणि आमची परतीची ट्रेन दोन तासांवर, हे त्यांना नीट माहीत होतं.

म्हणून सांगतो, पैसे द्यायच्या आधी प्लेटचा आणि आरसीचा फोटो मागवा, बोटवाल्याला स्वतः फोन करा, किल्ली घ्यायच्या आधी गाडीचा चारी बाजूंनी व्हिडिओ काढा, खालून पण, आणि देणाऱ्याचा आवाज त्यात येऊ द्या. आम्ही १९१५ ला, म्हणजे ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवलीये, सगळे स्क्रीनशॉट जोडून. पैसे अजून आलेले नाहीत. त्याची पुढची जाहिरात मात्र परवा दिसली, त्यात फेरीबोटीवरचा जो फोटो लावलाय तो आमचाच आहे, मागे ती चेन तुटलेली गाडी दिसते.