सेंद्रियच्या नावाखाली १,८६,००० रुपये गेले. तुम्ही तरी दुसरं पान मागा

आधीच सांगते, मी या धंद्यात नवखी नाही. सहा वर्षं दर बुधवारी आणि शनिवारी घरोघर सेंद्रिय भाजीची पेटी पोचवते. चार शेतकरी ठरलेले, चौघंही एकाच पीजीएस गटातले, म्हणजे गटातले शेतकरी एकमेकांच्या शेतात जाऊन तपासणी करतात, तो प्रकार. त्या चौघांच्या बांधावर मी स्वतः उभी राहिलेली आहे. त्यामुळे "असल्या गोष्टींना लोक फसतात तरी कसे" असं मनात आलं असेल, तर मलाही गेल्या आषाढापर्यंत तसंच वाटायचं.

पावसाळा आमचा वैरी. उन्हाळ्यात पाणी नसतं म्हणून पालेभाजी आटते, हे गिऱ्हाइकाला पटतं. पण धो धो पाऊस पडत असताना भाजी का नाही, हे काही केल्या पटत नाही. मेथी-कोथिंबीर शेतातच सडते, पालकावर ठिपके येतात, टोमॅटोवर करपा. फवारणी करायची नाही म्हटलं की हातात उरतं काय? दोडका, पडवळ, कारलं, काकडी, भेंडी आणि परत दोडका. त्यात श्रावणात बहुतेक घरांत मांसाहार बंद, म्हणजे भाजीची मागणी नेमकी तेव्हाच वाढणार. ग्रुपवर सुरू: "ताई, या वेळी तरी दोडका नको." त्या आषाढातच ११ घरांनी पेटी बंद केली, उरली ११८. हे सगळं यासाठी सांगते, की तो माणूस नेमका कधी आला ते कळावं.

ओळखीतल्या एकांनी नंबर दिला. "शेतकरी गटाचा समन्वयक" अशी ओळख. जीवामृत, दशपर्णी अर्क, गांडूळखत, सेंद्रिय शेतीतलं सगळं तोंडावर. "ताई, शेडनेट आहे आपलं, फ्लॉवर-टोमॅटो बारा महिने देतो." व्हॉट्सॲपवर प्रमाणपत्राची पीडीएफ आली. एनपीओपीचं, म्हणजे केंद्र सरकारच्या सेंद्रिय उत्पादनाच्या राष्ट्रीय कार्यक्रमाचं, वर गटाचं नाव, क्रमांक, शिक्का, सही. पान एक.

एकच पान. या प्रमाणपत्राला पिकांची यादी जोडलेली असते: कुठलं पीक, किती क्षेत्र. माल त्या यादीत नसेल तर तुमच्यासाठी तो कागद रद्दी. हे मला माहीत होतं. मी विचारलंही, "दादा, यादीचं पान?" तो म्हणाला, "उद्या पाठवतो ताई, आत्ता मळ्यात आहे." ती तारीख १९ जुलै. मेसेज अजून आहे फोनमध्ये. त्यानंतर मी ते पान पुन्हा मागितलं नाही, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी ४० किलो फ्लॉवर दारात येऊन पडला होता. पांढराशुभ्र. ११८ घरांना फ्लॉवर द्यायचा आनंद काय असतो, ते महिनाभर दोडका वाटलेल्या माणसालाच कळेल.

आता ज्या गोष्टीने रात्री झोप लागत नाही, ती लिहिते. श्रावणातला दुसरा शनिवार असावा. आमच्या जुन्या गिऱ्हाईक काकू, बोलायला फटकळ, त्यांचा फोन. "अगं, या वेळचा फ्लॉवर काय सुंदर! मिठाच्या पाण्यात अर्धा तास ठेवला, एक अळी वर आली नाही." मी खूश. हसून "थँक यू काकू" म्हटलं. पावसाळ्यातला, न फवारलेला फ्लॉवर आणि अळी नाही! आमच्या आबांच्या शेतातला फ्लॉवर जानेवारीतसुद्धा दोन-चार अळ्या घेऊन येतो.

आणि त्याच आठवड्यात क्रेट धुताना तळाला चिकटलेली एक ओली चिठ्ठी निघाली. गुलाबी कागद, निळ्या कार्बनची अक्षरं पसरलेली, पण गाळा नंबर, नगांचा आकडा आणि खाली "तोलाई" एवढं स्पष्ट वाचता येत होतं. ही बाजार समितीतली पट्टी होती, म्हणजे तिथल्या विक्रीची पावती. मी ती नखाने सोडवून त्याला फोटो पाठवला. उत्तर आलं, "क्रेट बाजारातून जुने घेतलेत ताई, नवीन परवडत नाहीत गरीब शेतकऱ्याला." गरीब शेतकरी म्हटलं की आपण विरघळतो. पण जुन्या क्रेटमधली चिठ्ठी ओली, ताजी आणि शाई न उडालेली कशी असेल? हा प्रश्न मला तेव्हा पडला होता. पडला आणि मी तो गिळला. येडी नव्हते मी, मला फ्लॉवर हवा होता.

(घरचे म्हणतात, कळत होतं तर घेतलंस का. ११ घरं तुटल्यावर त्यांनी एकदा हिशेबाची वही उघडून बघावी.)

हिवाळा छान गेला. गाजर, मटार, वांगी, पावटा, त्या दिवसांत खोटं बोलायची कुणाला गरजच नसते. भोगीला मात्र त्याने कमाल केली. बोरं, हरभऱ्याचे घाटे, उसाचे करवे, तिळासकट ११८ संच, एक कमी नाही, पहाटे साडेपाचला दारात. हिशेब मागितला तर म्हणाला, "राहू द्या ताई, संक्रांतीनंतर बघू." ज्याला तुमचे पैसे खायचे असतात तो आधी स्वतःचे थोडे सोडतो. हे मला कुणी सांगायला हवं होतं.

संक्रांतीनंतर आंबा निघाला. "कोकणात बाग धरलीय, मोहोर बघा," म्हणून व्हिडिओ. पाच डझनाची पेटी ३,००० रुपये, ६२ पेट्या. २० जानेवारीला २१,००० विसार. २ फेब्रुवारीला ६५,०००, "राखणदाराचे द्यायचेत". ४ मार्चला १,००,०००, कारण "व्यापारी बाग उचलायला दारात बसलाय, आज नाही दिले तर गेली". अशी घाई कोण करतं ते तुम्हाला ठाऊक आहे, मलाही ठाऊक होतं. एकूण १,८६,०००. यातले १,०५,४०० गिऱ्हाइकांचे, पेटीमागे १,७०० आगाऊ घेतलेले. उरलेले ८०,६०० माझे, मुदतठेव मोडून.

आणि बोलता बोलता त्याने स्वतःच सांगितलं होतं, "बाग गेल्याच वर्षी सेंद्रियवर घेतली." आंबा बहुवार्षिक पीक. एनपीओपीत त्याला रूपांतराचा, म्हणजे रासायनिक सोडून सेंद्रिय म्हणवून घेईपर्यंतचा, काळ तीन वर्षांचा, भाजीसारख्या हंगामी पिकाला दोन. एका वर्षात बाग सेंद्रिय होतच नाही. गिऱ्हाइकांना हे मी दर उन्हाळ्यात समजावते, आणि त्या दिवशी फोनवर "अरे वा" म्हणाले.

पहिला माल पाडव्याला यायचा होता. पाडव्याच्या आदल्या रात्री फोन बंद झाला तो झालाच.

मग मी जागी झाले आणि प्रमाणपत्रावरचा क्रमांक घेऊन प्रमाणीकरण संस्थेला फोन केला. चार मिनिटं लागली. जुलैमध्येही चारच लागली असती. क्रमांक खरा होता, गट दुसराच, मुदत संपलेली, आणि यादीत सोयाबीन, तूर, हळद. भाजी नाही, आंबा नाही. त्याची शेवटची भेंडी फ्रिजमध्ये होती ती प्रयोगशाळेत दिली, ६,५०० आणि वर जीएसटी, म्हणजे ७,६७०. तीन कीटकनाशकं निघाली. आठ महिन्यांत भाजीपोटी त्याला ३,४२,७५० रुपये दिले, तेही सेंद्रियच्या भावाने. त्यातले फुकट किती गेले हे मोजलेलं नाही.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, "आंबा आला असता तर तक्रार केली असती का मॅडम?" मग, "हे दिवाणी आहे, वकील करा." मग, "तो राहतो दुसऱ्या तालुक्यात, आमची हद्द नाही." गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३, असं मी म्हटलं. "तुम्ही वकील आहात का?" वकील नाही, भाजीवाली आहे. तीन खेपा झाल्या. शेवटी पोलीस अधीक्षकांना रजिस्टर्ड टपालाने अर्ज केला. ठाण्यात नोंद घेतली नाही तर त्याच कलमात ती वाट आहे. पोचपावती आलीय. बाकी काही नाही.

बँकेत म्हणे, "पैसे तुम्हीच पाठवलेत, ओटीपी तुमचाच." खरंय. पैसे गेल्याचं लगेच कळलं तर १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, त्याच तासात फोन करा. मला कळेपर्यंत २५ दिवस उलटले होते.

ग्राहक आयोगाचं एका वकिलाला विचारलं. २०१९ च्या कायद्यात पुन्हा विकण्यासाठी माल घेणारा ग्राहक धरत नाहीत. म्हणजे मी ग्राहक नाही.

आणि सगळ्यात वरताण अन्नसुरक्षेचं एक कार्यालय. तिथे मी मोठ्या आशेने अहवाल घेऊन गेले. साहेबांनी तो वाचला, चष्मा काढला. "सेंद्रिय म्हणून विकायचं तर एनपीओपी नाहीतर पीजीएस पाहिजे, २०१७ चा नियम आहे. हे विकलं कोणी?" मी म्हटलं, मी. "नोंदणी कोणाच्या नावावर?" माझ्या. "मग नोटीस कोणाला निघेल?" मी अहवाल उचलला आणि निघाले. चोर मोकळा, आणि त्याची तक्रार घेऊन गेलेली आरोपी! फसवणाऱ्याला हे सगळं आधीच माहीत असतं. तो तुमच्या नोंदणीच्या आड उभा असतो.

गिऱ्हाइकांना १,०५,४०० परत केले, ११८ घरांना खरं लिहून कळवलं. २३ घरं गेली. फटकळ काकू राहिल्या. त्या फक्त एवढंच म्हणाल्या, "तेव्हाच विचारायचं होतंस ना, अळी का नाही म्हणून."

जे ही सेवा चालवतात त्यांना: न पाहिलेल्या शेताचा माल एक दिवससुद्धा पेटीत घालू नका. पावसाळ्यात गिऱ्हाईक तुटतंय तर तुटू द्या, दिवाळीनंतर त्यातली निम्मी परत येतात. पैसे गटाच्या नावाच्या खात्यात, कुणा "समन्वयका"च्या नंबरवर नाही. आणि क्रेट स्वतः धुवा.

परवा दुसऱ्या शहरात अशीच सेवा चालवणाऱ्या एका मुलीचा मेसेज आला, सोबत पीडीएफ. "ताई, हे बरोबर वाटतं का?" तोच क्रमांक, तोच शिक्का, फक्त मुदतीची तारीख पुढची. मी विचारलं, दुसरं पान?

"उद्या पाठवतो म्हणालाय."