राजवाड्याजवळचे बियाण्यांचे दुकान: एका हिवाळ्याचा अनुभव

अनंत चतुर्दशीच्या झांक्या आटोपल्या की इंदुरात हिवाळी फुलांच्या बियाण्यांची चौकशी सुरू होते. गेल्या वर्षी मीही त्याच सुमारास राजवाड्याजवळच्या एका जुन्या दुकानात पिटुनिया, कॅलेंडुला, कॉसमॉस आणि लार्कस्परची पाकिटे घ्यायला गेले. काउंटरवरच्या काकांनी पिटुनियाचे पाकीट परत फळीवर ठेवले आणि ‘‘ताई, रात्री जरा गार होऊ द्या, ऑक्टोबरच्या मध्यावर या,’’ असे सांगितले. हातचे गिऱ्हाईक परत पाठवणारा दुकानदार मला फार मोलाचा वाटतो.

पिटुनियाचे बी धुळीइतके बारीक असते आणि उगवायला त्याला उजेड लागतो, त्यामुळे त्यावर माती लोटली की ते वाया जाते, हे काकांनी नीट समजावले. त्यांच्या सांगण्याप्रमाणे चिमूटभर बी कोरड्या बारीक वाळूत मिसळून, चाळलेले पानांचे खत भरलेल्या ट्रेवर भुरभुरले आणि पाणी वरून न घालता ट्रेच परातीतल्या पाण्यात ठेवला. आपली माळव्याची काळी माती एवढ्या नाजूक रोपांना चालत नाही, ती वाळली की घट्ट होते. नवव्या दिवशी भिंगातून पाहिले तेव्हा खतावर मोहरीहूनही लहान हिरवे ठिपके दिसले आणि जानेवारीत कुंड्या जांभळ्या फुलांनी भरल्या. हे बी संकरित आहे, त्याच्या फुलांचे बी धरले तर पुढच्या वर्षी हाच रंग मिळेलच असे नाही, हेही त्यांनी विकतानाच सांगितले होते. कॅलेंडुला आणि कॉसमॉस विनातक्रार आले.

लार्कस्परचे मात्र एकही रोप उगवले नाही. ते थंडीतच रुजते आणि मुळाला धक्का सोसत नाही, म्हणून नोव्हेंबरात थेट वाफ्यात पेरले होते. शेजारच्या काकूंनी दिलेले ताजे बी त्याच वाफ्यात तीन आठवड्यांत उगवले. तेव्हा पाकिटावरचे किमतीचे स्टिकर नखाने सोलून पाहिले. त्याखाली छापलेली मुदत मे महिन्यातच संपली होती. दुकानाने पैसे लगेच परत केले, तरी हंगाम परत मिळत नाही, आणि तारखेवर स्टिकर चिकटवण्याची पद्धत त्यांनी बंद करायलाच हवी.

यंदाही पिटुनिया मी तिथूनच घेणार आहे. लार्कस्परचे पैसे मात्र काउंटरवरच तारीख वाचून झाल्यावर देईन.