बार्शीतलं फॉर्मवालं दुकान: मुलीच्या शिष्यवृत्तीच्या निमित्ताने दोन वर्षांचा अनुभव

आमची पिठाची गिरणी आहे. ज्वारीच्या दळणाला किलोमागे ६ रुपये घेते. त्यामुळे कुणी "फक्त १२० रुपये" म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर आधी वीस किलो ज्वारी उभी राहते. या दुकानाचा हिशेबही तसाच मांडते.

दुकान तहसीलच्या मागच्या गल्लीत. बोर्डावरचं नाव उन्हानं उडालंय, "झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाइन फॉर्म" एवढंच वाचता येतं. दोन कॉम्प्युटर, एक कुरकुरणारा प्रिंटर, बाहेर एक बाकडं. चालवणारा दादा तिशीचा असेल. तोंडानं फटकळ.

मी तिथं गेले ती आधीच्या दुकानात हात पोळल्यावर. २०२४ साली थोरलीचा पुण्यात इंजिनिअरिंगला नंबर लागला. त्याच वर्षी जुलैत सरकारनं मुलींची १०० टक्के शिक्षण फी आणि परीक्षा फी माफ केली होती. आम्ही ओबीसी, उत्पन्न ८ लाखांच्या कितीतरी खाली, म्हटलं सुटलो. घराजवळच्या एका दुकानात महाडीबीटीचा, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलचा, फॉर्म भरला, ३०० रुपये दिले, पावतीचा कागद देवाजवळ ठेवला. दोन महिन्यांनी कॉलेजातून पोरीला विचारणा, पूर्ण फी कधी भरताय?

पावती घेऊन या दादाकडं आले. त्यानं ती पाहिली आणि पहिलाच प्रश्न केला, "मावशी, हा मोबाइल नंबर कुणाचा?" आमच्या घरात कुणाचाच नव्हता. आधीच्या दुकानदारानं स्वतःचा टाकला होता. कॉलेजनं फॉर्म कधीच सेंड बॅक केला होता, मेसेज त्याच्या फोनवर येऊन पडले असणार. पासवर्डही त्याच्याच वहीत. म्हणजे पोरगी माझी, आधार तिचं, आणि किल्ली भलत्याच्या कमरेला.

दादानं मला आधीच्या दुकानात उभं केलं, फोनवरून ओटीपी विचारून घेतला आणि आत शिरल्या शिरल्या नंबर बदलून पोरीचा टाकला. फॉर्म परत का आला तेही तेव्हाच कळलं. उत्पन्नाचा दाखला वाचता येत नव्हता. तिथं फाइल २५६ केबीच्या आत बसवावी लागते. आधीच्यानं मोबाइलवर फोटो काढून तो इतका दाबला होता की तहसीलदारांचा शिक्का म्हणजे नुसता जांभळा डाग. दादानं दाखला, जातीचा दाखला, जातीची व्हॅलिडिटी (पडताळणी), नॉन-क्रीमीलेयर, कॅपचं (सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीचं) अलॉटमेंट लेटर सगळं नव्यानं स्कॅन केलं आणि प्रत्येक कागद स्क्रीनवर मोठा करून मला वाचायला लावला. चष्मा विसरले होते, तर त्याची बोलणीही खाल्ली. घेतले १२० रुपये. सगळे मेहनतीचे, कारण पोर्टलवर फॉर्म भरायला सरकार पैसे घेत नाही, हेही त्यानंच सांगितलं. बारा दिवसांनी कॉलेजकडून मंजुरी आली आणि या खेपेला मेसेज पोरीच्या फोनवर वाजला.

माझ्या मते या दुकानाची खरी किंमत मात्र तो जे भरत नाही त्यात आहे. माझ्यासमोर एका गृहस्थाला त्यानं परत पाठवलं. मुलाचा प्रवेश मॅनेजमेंट कोट्यातला होता. "कॅपमधून नाही ना, मग पैसे घालवू नका." दुसरीकडं कुणीही दीडशे रुपये घेऊन भरून दिला असता. मला रिलायन्स फाउंडेशनच्या शिष्यवृत्तीचं त्यानंच सुचवलं. पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी असते, ऑनलाइन परीक्षा द्यावी लागते, आणि निवड झाली तर पूर्ण पदवीला मिळून २ लाखांपर्यंत मिळतात. मी पर्स उघडली तर म्हणाला, घरी बसून भरा, तिला इंग्रजी येतं की. पोरीची निवड झाली नाही, तो भाग वेगळा.

पोरगी पुण्यात कॉट बेसिसवर राहते. तिच्या खाण्या-राहण्यासाठी सावित्रीबाई फुले आधार योजना आहे, हेही मला इथंच कळलं. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या ओबीसी मुलांसाठी ती असते, उत्पन्न अडीच लाखांच्या आत लागतं, पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६० हजार. फॉर्म भरण्याआधी दादानं विचारलं, आधार कुठल्या खात्याला जोडलंय? पोरीनं मधेच पुण्यात नवं खातं काढलं होतं आणि जोडणी तिकडं सरकली होती. पैसे खाते नंबर बघून येत नाहीत, आधार जोडलेलं खातं बघून येतात. आम्ही गावातल्या पासबुकात वर्षभर बघत बसलो असतो.

आता उणं. दुपारी दीड ते चार शटर खाली, आणि तसं कुठं लिहिलेलं नाही. जुलै-ऑगस्टमध्ये बाकड्यावर जागा मिळणं म्हणजे एसटीत खिडकी मिळणं. प्रिंटर दर चौथा कागद गिळतो. आणि बोलणं! म्हाताऱ्या माणसांवर तरी जरा दमानं घ्यावं. एक आजोबा दोन वेळा चुकीचं रेशनकार्ड घेऊन आले, त्यांना तो जे बोलला ते मला आवडलं नाही, आणि मी तसं त्याला सांगितलं. पाचातला एक तारा त्याचा कापला.

यंदाचा रिन्यूअल पोरीनं पुण्यातूनच मोबाइलवर भरला. फक्त नवा उत्पन्नाचा दाखला स्कॅन करून पाठवायचा होता, म्हणून मी गेले. दादा म्हणाला, "फॉर्म कोण भरतंय?" म्हटलं, तीच. त्यानं स्कॅन केलं, फाइल पोरीच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकली आणि १० रुपये मागितले. दोन किलोचंही दळण नाही.