लॅक्टेज ड्रॉप्स: जुलाबानंतर लेकीला दूध पचेना, पाच आठवडे वापरून आलेला अनुभव

ज्यांच्या घरी आत्ता हे चालू असेल त्यांच्यासाठी लिहितेय (लॅक्टेज म्हणजे दुधातली साखर फोडणारं एन्झाइम, पचनाला लागणारं प्रथिन), कारण मी स्वतः रात्री दोन दोन वाजता मोबाईल हातात धरून हेच शोधत होते आणि जे सापडत होतं ते एकतर परदेशातलं नाहीतर सरळ जाहिरात.

लेक 14 महिन्यांची असताना जानेवारीत तिला जुलाब लागले. दिवसाला नऊ-दहा वेळा. आम्ही दोघं आळीपाळीने वाटी-चमचा घेऊन ओआरएस पाजत बसायचो, डॉक्टरांनी झिंक 14 दिवस द्यायला सांगितलेलं ते चालू होतं, आणि आठव्या दिवशी एकदाचे जुलाब थांबले. मुगाची खिचडी खायला लागली, मऊ भात खायला लागली, खेळायला लागली, म्हटलं सुटलो. मग दूध परत सुरू केलं आणि अर्ध्या-पाऊण तासात पोट ढोलासारखं टम्म, आतून गुडगुड ऐकू येतेय, पाय पोटाशी घेऊन रडतेय आणि मग फेस आलेली, आंबूस वासाची पाण्यासारखी शी, तीही जोरात आवाज करत. ढुंगण इतकं लाल झालेलं की कोमट पाणी लावलं तरी किंचाळायची. खिचडीवर काही नाही, पेजेवर काही नाही, दूध दिलं की हे ठरलेलं.

आम्ही कोल्हापूरचे. इथे गंगावेशीत दूधकट्ट्यावर लोक समोर उभ्या म्हशीची धार काढून घेऊन ग्लासच्या ग्लास दूध पितात, त्यामुळे लेकराला दूध सोसत नाही हे घरात पटवणं सोपं नाही. सासूबाई म्हणाल्या म्हशीचं जड पडत असेल, गाईचं द्या. दिलं, तेच. मग कुणीतरी सांगितलं ए-टू दूध द्या, ते दुप्पट पैसे देऊन आणलं, तेच. नंतर कळलं की कारण साधं आहे, दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज गाईच्या काय म्हशीच्या काय, 100 मिलीला साधारण 5 ग्रॅमच असतं, आणि ए-टूचा फरक प्रथिनात आहे, साखरेत नाही. त्यामुळे दूध बदलत बसण्यात आमचे सहा दिवस गेले आणि लेकीचे हाल झाले ते वेगळेच.

त्याच सहा दिवसांत मेडिकलमधून एक पाचक एन्झाइमचं सिरप आणलं. डॉक्टरांना न विचारता. दुकानदार म्हणाला लहान मुलांना चालतं, पचन सुधारतं, भूक लागते. गुलाबी रंगाचं, गोड, लेकीला आवडलं पण. चार दिवस दिलं, फरक शून्य, उलट शी जास्तच पातळ. मग एका दुपारी ती झोपल्यावर बाटली खिडकीपाशी नेऊन लेबल वाचलं: फंगल डायस्टेज आणि पेप्सिन. डायस्टेज पिष्ट फोडतं म्हणजे भात-बटाटा, पेप्सिन प्रथिनं फोडतं. दुधातली साखर फोडणारं त्यात काहीच नाही. लेकीला भात पचत होता, डाळ पचत होती, तिला नडत होतं ते एकच आणि त्याच्यावरचं औषध त्या बाटलीत नव्हतंच. शिवाय खाली बारीक अक्षरात सॉर्बिटॉल लिहिलेलं, गोडीसाठी घालतात, आणि सॉर्बिटॉल स्वतःच पोट ढिलं करतं. (पेप्सिन बऱ्याचदा डुकराच्या जठरातून काढतात, ज्यांच्याकडे शाकाहार कडक आहे त्यांनी विचारून घ्या, मला हे आधी माहीत नव्हतं.) ते सिरप वाईट आहे असं माझं म्हणणं नाही, पण आमच्या लेकराला त्याचा काडीचा उपयोग नव्हता आणि न विचारता द्यायलाच नको होतं.

सातव्या दिवशी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी शीची तपासणी सांगितली, आणि हे नीट वाचा कारण इथे लोक चुकतात: डायपर पाणी शोषून घेतो आणि नेमका त्या पाण्यातच लॅक्टोज असतं, म्हणून डायपरच्या आत स्वच्छ प्लास्टिकची पिशवी कापून अंथरायची, त्यावरचं पातळ डबीत घ्यायचं आणि ताजं असतानाच लॅबमध्ये पोचवायचं. यांनी गाडी काढून धावतच नेलं. रिपोर्टमध्ये शी आम्लयुक्त आणि रिड्युसिंग सबस्टन्स पॉझिटिव्ह, म्हणजे साखर न पचता तशीच बाहेर पडतेय.

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं, मला ते फार आवडलं. लहान आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखे बारीक केसाळ उंचवटे असतात, लॅक्टेज नावाचं एन्झाइम त्यांच्या टोकाशी तयार होतं. रोटाव्हायरससारखा जोराचा जुलाब झाला की ही टोकंच झडतात. मग लॅक्टोज फुटत नाही, तसंच मोठ्या आतड्यात जातं, तिथले जंतू ते आंबवतात, गॅस होतो, आम्ल होतं, पाणी ओढलं जातं. म्हणून फेस, म्हणून आंबट वास, म्हणून ढुंगण भाजल्यासारखं. टोकं परत उगवायला काही आठवडे लागतात, तोवर बाहेरून लॅक्टेज द्यायचं. एवढ्या लहान वयात कायमचं दूध न सोसणं सहसा नसतं, ते मूल जरा मोठं झाल्यावर दिसायला लागतं, असं ते म्हणाले आणि माझा निम्मा जीव भांड्यात पडला.

आता ड्रॉप्सबद्दल. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण आत लॅक्टेजच असतं, बघायचं काय तर युनिट. लेबलवर एफसीसी युनिट, म्हणजे एन्झाइमची ताकद मोजायचं माप, लिहिलंय का ते बघा. नुसतं मिलीग्रॅम लिहिलं असेल तर त्यावरून ताकद कळत नाही, मी एक बाटली त्यासाठीच परत केली. आमची 15 मिलीची होती, डॉक्टरांनी अर्ध्या कपाला पाच थेंब सांगितलेले, दिवसातून तीन वेळा, तशी ती जवळजवळ तीन आठवडे पुरली. थेंबांचा हिशोब प्रत्येक बाटलीचा वेगळा असतो तेव्हा माझा आकडा उचलू नका, तुमच्या डॉक्टरांना विचारा.

पहिल्याच दिवशी मी चूक केली. दूध उकळलं, गॅस बंद केला आणि वाफाळत्या दुधात थेंब टाकले, वाटलं नीट मिसळतील. रात्री पुन्हा तेच रडणं, तेच सगळं. मला वाटलं हे पण गेलं वाया. सकाळी फोन केला तर डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला की दूध किती गरम होतं. एन्झाइम म्हणजे प्रथिनच, गरम दुधात ते मरतं. आणि ही एवढी महत्त्वाची गोष्ट खोक्यावर कुठेच नाही, आतल्या घडी घातलेल्या कागदावर मुंगीएवढ्या अक्षरात आहे. याचा मला खरंच राग आहे. लेकराची एक रात्र त्यात गेली.

मग पद्धत बसली. दूध उकळायचं, मनगटावर थेंब टाकून कोमट लागेपर्यंत थांबायचं, ड्रॉपर सरळ उभा धरून थेंब मोजायचे (तिरका धरला की थेंबाचा आकार बदलतो, हे पण कुणी सांगत नाही), हलवायचं आणि अर्धा तास झाकून ठेवायचं. भूक लागल्यावर करायला घेतलं तर तो अर्धा तास लेक काढू देत नाही, म्हणून मी घड्याळ बघून आधीच करून ठेवायला लागले. काम होतंय की नाही हे जिभेला कळतं. एकाच पातेल्यातलं दूध दोन वाट्यांत घेतलं, एकीत थेंब, एकीत नाही, आणि अर्ध्या तासाने चाखलं तर थेंबांचं दूध साखर न घालता स्पष्ट गोड. लॅक्टोज फुटून ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज होतं, ते दोन्ही लॅक्टोजपेक्षा गोड असतात. सासूबाईंना ती वाटी दिली, त्या म्हणाल्या साखर घातलीस काय गं, आणि त्या दिवसापासून त्या स्वतः थेंब मोजायला लागल्या.

तिसऱ्या दिवशी पोट मऊ. पाचव्या दिवशी शी घट्ट व्हायला लागली. ढुंगणाची लाली जायला आठवडा लागला, खोबरेल तेल आणि उघडं ठेवणं, बाकी काही नाही. माझं अंगावरचं दूध दिवसातून दोनदा चालू होतं, ते बंद करायचं नाही असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. आईच्या दुधात तर लॅक्टोज गाईच्यापेक्षा जास्त असतं, 100 मिलीला 7 ग्रॅमच्या आसपास, तरी ते तोडायचं नाही. खूप जणी घाबरून तोडतात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

दही आणि ताक थेंबांशिवाय चाललं, कारण विरजणातले जंतू काही लॅक्टोज आधीच खाऊन टाकतात. पेढ्याचा एक तुकडा शेजारच्या काकूंनी प्रेमाने भरवला आणि रात्री पोट फुगलं, खवा म्हणजे आटवलेलं दूध, त्यात साखर एकवटलेली असते. बिस्किटांच्या पुड्यावर मिल्क सॉलिड्स लिहिलेलं असतं ते पण त्यातलंच.

माझं बघून नणंदेने फोन केला, तिच्या आठ महिन्यांच्या बाळाला पण दूध सोसत नाही, उरलेली बाटली पाठव. मी पाठवली नाही आणि तिला वाईट वाटलं. पण तिच्या बाळाच्या शीत रक्ताच्या रेघा होत्या, गालावर चट्टे होते. तिला म्हटलं वन्सं, आधी डॉक्टर, मग बाटली. ती निघाली दुधाच्या प्रथिनाची अ‍ॅलर्जी. त्यात लॅक्टेजचा काही उपयोग नाही, कारण भांडण साखरेशी नाहीच, प्रथिनाशी आहे. तिथे दहीही चालत नाही, लॅक्टोज-फ्री दूधही चालत नाही, शेळीचंही नाही. दोन्ही घरांत वाक्य एकच, बाळाला दूध सोसत नाही, आणि उपाय पूर्ण वेगळा. शेंगदाणा, अंडं असल्या अ‍ॅलर्जीत पण एन्झाइम दिलं की खाऊ घालता येईल असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, ते जिवावर बेतू शकतं.

न्यू जर्सीच्या मावसबहिणीने चघळायच्या गोळ्यांचा डबा पाठवलेला, लहान मुलांच्या फूड सेन्सिटिव्हिटीसाठी म्हणून, आत बारा-तेरा एन्झाइम, ग्लुटेन (गव्हातलं प्रथिन) फोडणारं पण एक. तिने मायेने पाठवला, पण मी उघडला नाही. एकतर 14 महिन्यांच्या मुलीला चघळायची गोळी घशात अडकू शकते. आणि तिथे अमेरिकेत सप्लिमेंट बाजारात आणायला आधी एफडीएची (तिथल्या अन्न-औषध नियामक संस्थेची) मंजुरी लागत नाही, 1994 चा कायदाच तसा आहे, म्हणजे डब्यावर कंपनी जे म्हणते ते कुणी आधी तपासून मंजूर केलेलं नसतं. गव्हाचा संशय असेल तर सीलिअ‍ॅकची (ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होणारा आजार) रक्ततपासणी करा आणि तपासणी होईपर्यंत गहू बंद करू नका, आधीच बंद केला तर रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येऊ शकतो. सीलिअ‍ॅक असेल तर गोळी घेऊन पोळी खाता येत नाही, गहू सोडावाच लागतो.

चार आठवड्यांनी डॉक्टरांनी कमी करायला सांगितलं. आधी पाव कप थेंबांशिवाय, दोन दिवस वाट बघायची, मग अर्धा कप. मी प्रत्येक शीची वेळ कॅलेंडरवर लिहून ठेवत होते. पाचव्या आठवड्याच्या शेवटी पूर्ण बंद.

मार्क द्यायचे तर ड्रॉप्सना पाचापैकी चार, एक मार्क त्या खोक्यावर न लिहिलेल्या गरम दुधासाठी कापला. किंमत दोनशेच्या आतबाहेर, मला जड वाटली नाही, दोन बाटल्या लागल्या. सिरपला मार्क देत नाही, ते आमच्या आजाराचं नव्हतंच. दुसऱ्या बाटलीत निम्मे थेंब उरले होते, झाकणावर उघडल्याची तारीख पट्टीवर लिहून चिकटवलेली, ती मुदत संपली म्हणून काल टाकून दिले. लेक आत्ता शेजारी बसून म्हशीच्या दुधात नाचणीचं सत्त्व खातेय, निम्मं तोंडाला, निम्मं फ्रॉकला.