होमब्र्यू काढायचं: स्क्रिप्टने, हाताने की नुसती साफसफाई?

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. सूत, रंग, ऑर्डरी सगळा हिशोब ऑफिसच्या मॅकवर पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये, आणि पोस्टग्रेस होमब्र्यूने, म्हणजे टर्मिनलमधून 'ब्र्यू' कमांड देऊन सॉफ्टवेअर टाकायच्या साधनाने, टाकलेलं. गड्डा यात्रेच्या तोंडावर एकदा डिस्क भरली म्हणून मी होमब्र्यूचा आख्खा फोल्डर एका कमांडने उडवला. त्याच्याच पोटात, 'व्हार' नावाच्या फोल्डरात, डेटाबेस होता. तीन महिन्यांच्या ऑर्डरी कागदी चलनांवरून परत भरायला आई आणि मी आठवडाभर बसलो. तेव्हापासून होमब्र्यू कसं काढायचं असं कुणी विचारलं की माझा पहिला प्रश्न असतो, काढायचं कशासाठी?

जागेसाठी असेल तर काढूच नका. 'ब्र्यू क्लीनअप' जुन्या आवृत्त्या आणि साठलेले डाउनलोड काढतं, 'ब्र्यू ऑटोरिमूव्ह' आता कुणालाच न लागणारी पॅकेजं. मॅक विकायचा असेल तर डिस्क पुसायचीच आहे, मग होमब्र्यू वेगळं काढण्यात अर्थ नाही.

खरंच मुळापासून काढायचं असेल तर माझं मत स्पष्ट आहे: होमब्र्यूचीच अनइन्स्टॉल स्क्रिप्ट. ती आपल्या फाइली ओळखून काढते आणि काय मागे राहिलं त्याची यादी शेवटी दाखवते. 'व्हार' आणि सेटिंग्जचा 'ईटीसी' फोल्डर सहसा त्या यादीत असतात, म्हणजे डेटा उडवायचा की नाही हे तुम्ही ठरवता. 'ड्राय-रन' जोडून चालवली तर काहीही न पुसता आधी नुसतं सांगते.

हाताने काढणं एम-चिपच्या मॅकवर सोपं दिसतं, कारण सगळं 'ऑप्ट'मधल्या एकाच 'होमब्र्यू' फोल्डरात असतं. मी फसले ती इथेच. इंटेल मॅकवर तर हा रस्ता धरूच नका. तिथे होमब्र्यू 'यूएसआर-लोकल'मध्ये पसरतं आणि त्याच जागी इतर सॉफ्टवेअरच्याही फाइली असतात. सरसकट पुसलं की तीही जातात. जुन्या इंटेल मॅकवरून नव्यावर सगळं उचलून आणलं असेल तर दोन्ही जागी होमब्र्यू सापडू शकतं. अशा वेळी स्क्रिप्टला 'पाथ', म्हणजे फोल्डरचा पत्ता, देऊन कुठलं काढायचं ते सांगा.

स्क्रिप्ट चालवण्याआधी मात्र डेटाबेसचा डंप, म्हणजे सगळ्या डेटाची प्रत, काढून पेनड्राइव्हवर घ्या. फोल्डर राहिला तरी तो उघडणारं पोस्टग्रेस गेलेलं असतं. 'ब्र्यू बंडल डंप'ने पॅकेजांची यादी ठेवा, परत टाकायची वेळ आली तर एका फाइलवर भागतं. 'ब्र्यू सर्व्हिसेस'ने चालू असलेल्या सेवा थांबवा, नाहीतर त्यांच्या फाइली लायब्ररीतल्या 'लाँच-एजंट्स'मध्ये पडून राहतात.

सगळं झाल्यावरही टर्मिनल उघडताच 'अशी फाइल नाही' असं आलं, तर घाबरू नका. होम फोल्डरातल्या 'झेड-प्रोफाइल' फाइलीत टर्मिनलला होमब्र्यूची जागा सांगणारी 'ब्र्यू शेलएन्व्ह'ची ओळ राहिली आहे, ती खोडा.